एंट्रॉपीचा लेख: समीकरण आधी की बर्फ आधी?

चौकसबुवा: मराठी विकिपीडियासाठी एंट्रॉपीचा लेख नव्याने लिहितोय. मसुद्याचं पहिलं वाक्य: ‘एंट्रॉपी म्हणजे अव्यवस्थेचं माप.’ क्लॉसियस या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये हे नाव दिलं, बोल्ट्झमन या शास्त्रज्ञाचं सूत्र वगैरे सगळं खाली. ज्याला सूत्र कळतं तो पाठ्यपुस्तक उघडेल, विकिपीडिया बाकीच्यांसाठी असतो.

उष्णमापक: साफ असहमत. तेल-पाणी ढवळून ठेवा. थोड्या वेळात तेल वर, पाणी खाली, अगदी लावून ठेवल्यासारखं. जे आपोआप घडतं त्यात एकूण एंट्रॉपी वाढते, म्हणजे इथेही ती वाढलेलीच असते. तुमच्या व्याख्येने ती घटायला हवी! सोपं करा, पण चुकीचं नको.

चौकसबुवा: मग काय लिहू? ‘सूक्ष्म अवस्थांच्या (म्हणजे रेणूंच्या शक्य मांडण्यांच्या) संख्येचा लॉगॅरिदम’? व्हिएन्नात बोल्ट्झमनच्या थडग्यावर सूत्र कोरलंय म्हणून लेखाच्या कपाळावरही कोरायचं का?

दुपारचा_चहा: अहो भांडता काय, आकडे द्या. शून्य अंशाचा १० ग्रॅम बर्फ २७ अंशाच्या खोलीत ठेवला. वितळताना तो सुमारे ३,३४० ज्यूल उष्णता घेतो. भागिले २७३ केल्विन (म्हणजेच शून्य अंश), बर्फाच्या खात्यात एंट्रॉपी जमा १२.२. खोलीने तेवढीच उष्णता दिली, पण ३०० केल्विनला (म्हणजेच २७ अंशाला), म्हणून खर्च ११.१. शिल्लक १.१ ज्यूल प्रति केल्विन. त्याच खोलीत पाणी आपोआप गोठायचं तर ही शिल्लक उणे होईल, म्हणून ते गोठत नाही. नुसता भागाकार आहे, दहावीच्या मुलालाही जमेल.

उष्णमापक: हिशोब बरोबर. पण असा सरळ भागाकार तापमान स्थिर असतानाच चालतो. ही अट लिहिणार, की वाचक बिचकेल म्हणून गाळणार? आणि रेणूंचं काय? ते आले नाहीत तर शिल्लक वाढतेच का, हे कळणारच नाही.

पानगळ: इंग्रजीत मुख्य लेख वेगळा आणि परिचयाचा वेगळा आहे. तसंच करा की.

दुपारचा_चहा: तिकडे लेख राखायला माणसं आहेत हो. आपल्याकडे एकाच लेखाकडे कोणी फिरकत नाही, दोन केले तर वर्षभरात दोन व्याख्या होतील.

चौकसबुवा: बर्फ वर घेतो, अटही त्याच वाक्यात. रेणू दुसऱ्या परिच्छेदात. ‘अव्यवस्था’ मात्र राहणार. लोक तेच ऐकून येतात. खाली तेल-पाण्याचा दाखला देऊन ती कुठे फसते तेही लिहीन.

उष्णमापक: लिहा. मी त्या वाक्यावर ‘संदर्भ हवा’ ही विकिपीडियाची खूण लावणार.