मदत हवी आहे : चिखलदऱ्याच्या उतारावरील ओल्या खडकावर वाढणारे कवचरूप शैवाक कोणते असावे?

नमस्कार. चिखलदरा पठाराच्या उतारावर, व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेर, आमच्या वावराला लागून वाहणाऱ्या नाल्यातील काळ्या पाषाणावर एक शैवाक (लायकेन, म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्रित जीव) आहे. त्याची ओळख पटवण्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. पावसाळ्यापासून दिवाळीनंतरही काही काळ या खडकावरून पाणी झिरपत असते आणि वैशाखात तोच खडक तव्यासारखा तापतो. ही दोन्ही टोके सोसणारा जीव कोणता, हे मला मनापासून जाणून घ्यायचे आहे.

मसाल्यातले दगडफूल हाताने सुटते. हे मात्र दगडाशी इतके एकजीव झालेले आहे की नखाने त्याची कडसुद्धा उचलता येत नाही. ओले असताना ते गडद शेवाळी दिसते, सुकल्यावर राखाडी-तपकिरी होते. पृष्ठभाग पातळ आणि गुळगुळीत असून भेगा फारशा नाहीत. प्रत्येक ठिगळाच्या कडेला बारीक काळी रेघ आहे, आणि दोन ठिगळे जिथे भिडतात तिथे ती अधिक ठळक होते. दहा पट भिंगातून पाहिल्यास अर्धे बुडालेले काळे ठिपके, म्हणजे बीजाणू तयार करणारी फलपिंडे, दिसतात, ज्यांतील मोठ्यांच्या माथ्यावर एक सूक्ष्म छिद्र असते.

काठ असलेली उघडी चकती (फलपिंडाचा दुसरा प्रकार) कुठेही आढळली नाही, म्हणून पोर्पिडिया आणि ऱ्हायझोकार्पॉन या प्रजाती मी बाजूला ठेवल्या आहेत. आयोनास्पिसबद्दल मात्र तसे ठामपणे म्हणवत नाही, कारण तिच्या चकत्या कवचात रुतलेल्या असतात आणि वरून पाहता त्या छिद्रासारख्या भासू शकतात. कवच ब्लेडने हलकेच खरवडले असता आतला थर हिरवा दिसला, केशरी नाही. ओल्या, सावलीच्या खडकांवर वाढणाऱ्या पोरिनामध्ये ट्रेंटेपोहलिया हे शेवाळ असते आणि खरवडल्यावर ते बहुधा केशरी-पिवळे दिसते, त्यामुळे तीही शक्यता कमी वाटते. परंतु दाट सावलीत हा केशरी रंग फिका पडत असल्यास जाणकारांनी तसे जरूर सांगावे. कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणाने आणि ब्लीचने रंगात काहीही बदल झाला नाही. या सगळ्यावरून माझा कल छिद्रयुक्त फलपिंडे आणि हिरवे शेवाळ असणाऱ्या व्हेरुकेरिया या प्रजातीकडे आहे.

खडकाविषयी एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब काळ्या पाषाणावर टाकला तर फेस येत नाही, पण पाषाणातील पोकळ्यांत भरलेल्या काही पांढऱ्या खड्यांवर तो जोरात फसफसतो, म्हणजे तिथे कॅल्साइट आहे. शैवाकाचे कवच अशा खड्यांच्या काठापर्यंत येऊन थांबते. व्हेरुकेरियाच्या काही जाती चुनखडीवर आणि काही चुनाविरहित खडकावर वाढतात. तेव्हा ही खूण मला महत्त्वाची वाटते.

पुढची पायरी सूक्ष्मदर्शकाची आहे. बीजाणू एकपेशीय असतील तर व्हेरुकेरिया, आडव्या पडद्यांचे असतील तर थेलिडियम, आणि आडव्या-उभ्या पडद्यांनी विटांच्या बांधकामासारखे विभागलेले असून फलपिंडाच्या आतही शेवाळाच्या पेशी दिसल्या तर स्टॉरोथेले, एवढा भेद मला माहीत आहे. अडचण छेद घेण्याची आहे. फलपिंडाची भिंत कडक असल्यामुळे ब्लेडखाली तिचा चुरा होतो आणि बीजाणू हाती लागत नाहीत. फलपिंड आधी पाण्यात भिजवावे की पोटॅशमध्ये, आणि अखंड छेद घेण्याऐवजी आतला गर सुईने काढून काचपट्टीवर दाबला तर तेवढ्यावर ओळख विश्वासार्ह ठरेल का?

कवचरूप शैवाके अत्यंत सावकाश वाढतात, म्हणून मूळ खडकावर छिन्नी चालवण्याची माझी तयारी नाही. नाल्यात सुटून पडलेला एक लहान दगड, ज्यावर हेच शैवाक आहे, तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवला आहे. पुण्याची आघारकर संशोधन संस्था किंवा लखनौची राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था यांच्याकडे ज्यांनी पूर्वी नमुना पाठवला असेल, त्यांनी सोबत कोणत्या नोंदी द्याव्या लागतात हे कृपया कळवावे. ओल्या आणि सुक्या अवस्थेतील छायाचित्रे मोजपट्टीसह पुढील प्रतिसादात देत आहे.