घरकुलात मारहाण झाली की दारापुढं ताटं वाजवायची : बरोबर का चूक?

घरकुलवाला
सोलापूरजवळ कुंभारीकडं आमच्या घरकुलात बचत गटाच्या बायकांनी नवीन सुरू केलंय, कुणाच्या घरातनं मारहाणीचा आवाज आला की सगळ्या ताट-पळी घेऊन त्या दारापुढं, आत शिरायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, बाई बाहेर येईस्तोवर वाजवत उभं राहायचं. आमचे काका म्हणतात हे दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसणं झालं. मला उलट वाटतं. गोदूताई परुळेकरांच्या नावाची ही दहा हजार घरं २००६ ला मिळाली, ती पण विडी कामगार बायकांसाठी. सुपावर विड्या वळून वळून तिनं हप्ते फेडले अन रात्री अकराला लेकरं घेऊन ओट्यावर तीच बसलेली, अन तो आत फॅनखाली. हा कुठला हिशोब?

चाटीगल्लीकर
काय बे, ताटं वाजवून काय होणारे? गर्दी पांगली की तो कडी लावून दुप्पट मारतोय, वर सासू म्हणणार तुझ्यामुळं चारचौघांत नाक गेलं. ११२ ला फोन लावा, पोलीस बघतील. आज ताटं, उद्या तोंडाला काळं, परवा पंच बसून घरालाच वाळीत टाकतील, अन तसं करणं २०१६ च्या कायद्यानं गुन्हा आहे हे पण लक्षात ठेवा.

घरकुलवाला
वाळीत टाका कोण म्हणलं ओ?

रविवारपेठेची अक्का
पोलीस काय करूलालेत ते आम्हाला सांगू नका दादा. चौकीत गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं, नवरा-बायकोचं आहे, समजुतीनं घ्या. दिवस मोडला म्हणजे त्या दिवसाच्या विड्या गेल्या, मजुरी कोण देणार? पण घरकुलवाले दादा, तुमचं पण सगळं खरं नाही हं. आमच्याकडं असाच गट होता. एका घरापुढं गेल्या, दुसऱ्यापुढं गेल्याच नाहीत, कारण तो अध्यक्षबाईंचा दीर. त्या घरातली पोरगी शेवटी माहेरी निघून गेली.

माजी_हातमागवाला
सगळ्याचं मूळ हातभट्टी. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ ला ऑपरेशन परिवर्तन काढलं, मुळेगाव तांड्यावर भट्ट्या बंद करून लोकांना दुसरा कामधंदा लावायला घेतला, तसं करा. नाहीतर बायकांनी सह्या करून आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूबंदीसाठी, मतदान लावा.

रविवारपेठेची अक्का
त्या मतदानानं परवान्याचं दुकान बंद होतंय, भट्टीवाल्याला कुठला परवाना? अन हुंड्यातली राहिलेली गाडी मागणारा शुद्धीतच असतोय की. सकाळी चहा पिऊन मारणारे बघितलेत मी.

कोर्टाच्या_बाकावर
वकील आहे, थोडक्यात सांगतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शेजारीणसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, चांगल्या हेतूनं कळवलं तर तिच्यावर काही येत नाही. घर कुणाच्याही नावावर असू दे, बाईला तिथं राहायचा हक्क आहे, मॅजिस्ट्रेट नवऱ्यालाच बाहेर काढू शकतात. अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखांवर तारखा. बायकोच्या छळाचं ४९८अ आता न्याय संहितेत कलम ८५ झालंय, १ जुलै २०२४ पासून. ताटं वाजवणाऱ्या बायका नंतर साक्षीला येत असतील तर माझ्या दृष्टीनं ताटं चांगली. बहुतेक येत नाहीत, ही अडचण आहे.

घरकुलवाला
हे पटलं. रात्री ताटं अन सकाळी दोघी तिच्यासोबत संरक्षण अधिकाऱ्याकडं, पाळी लावून, तिच्या विड्या त्या दिवशी बाकीच्यांनी वळायच्या. बैठकीत मांडतो.

चाटीगल्लीकर
मांडा. आधी तुमच्या अध्यक्षबाईंच्या दिरापुढं वाजवून दाखवा, मग मी येतो बघायला.

रविवारपेठेची अक्का
बघायला नको. घरातल्या बायकांना पाठवा, ताट घेऊन.