मरून चादर फोटोत विटकरी का येते? कस्टम व्हाइट बॅलन्सविषयी शंका

पूर्वभागकर:
सोलापुरात आमचे चादरी-टॉवेलांचे दुकान असून बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना मालाचे फोटो पाठवण्याचे काम माझ्याकडे आहे. दुकानात दोन ट्यूबलाइट, गल्ल्यावर एक पिवळा बल्ब आणि शटरमधून येणारे ऊन असा तिहेरी उजेड असतो. ऑटो व्हाइट बॅलन्सवर (उजेडाच्या रंगानुसार फोटोतील रंग आपोआप सावरणारी कॅमेऱ्याची सेटिंग) मरून चादर विटकरी दिसते, आणि गेल्या महिन्यात रंग फोटोसारखा नाही म्हणून एक गठ्ठा परतही आला. म्हणून मी आमचाच पांढरा टॉवेल समोर धरून कस्टम व्हाइट बॅलन्स बसवला, तरी सर्व फोटोंवर पिवळट झाक राहिलीच. कॅमेरा कॅननचा आहे. माझे नेमके कुठे चुकते आहे?

भुईकोट:
घोटाळा टॉवेलात आहे. पांढऱ्याशुभ्र कापडाला बहुधा चमक आणणारे रसायन दिलेले असते. ते उन्हातील अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकते. तो निळेपणा उजेडाचाच आहे असे समजून कॅमेरा त्यावर उतारा म्हणून पिवळा वाढवतो. छपाईच्या शुभ्र कागदाचेही तेच. त्याऐवजी ग्रे कार्ड (रंगाची झाक नसलेले राखाडी कार्ड) घ्यावे, ते चादरीच्याच जागी, त्याच कोनात धरावे आणि फ्रेमचा मधला भाग भरेल असा फोटो काढावा. सपाट कार्डावर ऑटोफोकस अडखळतो, म्हणून फोकस मॅन्युअल ठेवावा. मग मेनूतील कस्टम व्हाइट बॅलन्समध्ये तो फोटो निवडावा आणि त्यानंतर व्हाइट बॅलन्सच्या यादीत कस्टमचे चिन्ह आठवणीने निवडावे. ही दुसरी पायरी विसरली की कॅमेरा आधीच्याच सेटिंगवर राहतो.

ऑटो का फसतो, तेही सांगतो: संपूर्ण फ्रेम मरून चादरीने भरली की तो तांबडेपणा उजेडाचाच आहे असे कॅमेऱ्याला वाटू शकते आणि तो काढून टाकायच्या नादात चादरीचा रंगच उतरतो.

रॉवाला:
एवढा खटाटोप कशाला? रॉमध्ये (कॅमेऱ्याने रंग पक्का न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये) फोटो काढावेत आणि रंग नंतर संगणकावर ठरवावा.

भुईकोट:
रॉमध्ये रंग नंतर बदलता येतो हे खरे. परंतु कशाला राखाडी मानून बदलायचा, हे ठरवण्यासाठी एका फोटोत तरी कार्ड लागतेच. शिवाय दिवसाला पन्नास फोटो थेट मोबाइलवर पाठवणाऱ्याला जेपेगच (कॅमेऱ्यातूनच तयार होऊन येणारा फोटो) सोयीचे पडते.

जुनी काच:
कार्ड आणले तरी मूळ अडचण उजेडाची आहे. पिवळा बल्ब साधारण 2700 ते 3000 केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचे माप), दुपारचे ऊन सुमारे 5500 चे. एकाच सेटिंगने दोन्ही साधणे अशक्य, कारण चादरीची एक बाजू सुधारली की दुसरी निळी पडते. एकतर दिवे बंद करून शटरच्या आत, उन्हाची तिरीप न लागणाऱ्या जागी चादर टांगावी, नाहीतर शटर ओढून केवळ ट्यूबलाइटवर काम करावे. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, म्हणून कॅमेऱ्याच्या शटरचा वेग 1/100 किंवा 1/50 सेकंद ठेवावा. त्याहून वेगात फोटोत रंगाचे पट्टे उमटतात. समोरची भिंत रंगीत असेल तर तिचीही छटा चादरीवर येते.

पूर्वभागकर:
कार्ड आणले, ट्यूबलाइट बंद करून शटरजवळ फोटो काढले. टॉवेल आता पांढरा येतो. मरून थोडा भडक वाटत होता; एक्सपोजर (फोटोत घेतला जाणारा प्रकाश) एक तृतीयांश स्टॉपने, म्हणजे किंचित, कमी केल्यावर विणीतील काळा धागाही वेगळा दिसू लागला. गल्ल्यावरचा बल्ब मात्र वडील बंद करू देत नाहीत, त्यामुळे ते दुपारी जेवायला घरी गेले की मी फोटो उरकून घेतो.