डिशवॉशरचा ड्रेन पंप आणि व्हॉल्व्ह: रचनेत सुधारणा कुठे हवी?

प्रश्न: पाणी बाहेर टाकून झाल्यावरही घरगुती डिशवॉशरच्या तळाशी गढूळ पाणी परत जमते. हा दोष ड्रेन पंपाचा मानावा की नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेचा), आणि रचनेतील कोणत्या बदलाने तो दूर होईल?

उत्तर १: पाणी आधी पूर्ण उपसले जाऊन नंतर परतत असेल, तर प्रथम व्हॉल्व्ह तपासावा. पंप थांबताच उंचावर नेलेल्या नळीतील पाणी मागे येते आणि ते अडवणारी रबरी झडप चिकट थर साचल्याने किंवा रबर कडक झाल्याने नीट बसत नाही. यंत्र न उलटवता आतूनच काढून धुता येईल अशा जागी व्हॉल्व्ह असणे, ही माझ्या मते सर्वांत मोलाची सुधारणा आहे.

उत्तर २: पंपाचाही विचार व्हावा. अनेक यंत्रांतील साधी सिंक्रोनस मोटर (वीजपुरवठ्याच्या वारंवारतेनुसार ठरावीक वेगाने फिरणारी) सुरू होताना कोणत्याही दिशेने फिरू शकते, म्हणून इम्पेलरची (पाणी ढकलणाऱ्या चाकाची) पाती सरळ ठेवावी लागतात आणि कार्यक्षमता घटते. इलेक्ट्रॉनिक सर्किटने चालवल्या जाणाऱ्या ब्रशलेस मोटरची दिशा व वेग नियंत्रित करता येत असल्याने पाती वक्र ठेवता येतात. शिवाय मोटर किती विद्युतप्रवाह घेते यावरून पाणी संपले की काचेचा तुकडा अडकला, याचा अंदाज नियंत्रकाला बांधता येतो. अडथळा जाणवल्यास इम्पेलर क्षणभर उलटा फिरवण्याची सोयही जरूर असावी.

प्रश्नकर्ता: तळाच्या खोलगट भागात थोडे पाणी राहणे स्वाभाविक आहे का?

उत्तर १: होय, थोडे स्वच्छ पाणी राहतेच. तो भाग अरुंद केल्यास त्याचे प्रमाण घटते, मात्र गाळणीला पुरेशी जागा उरली पाहिजे.