ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले बंद गाळे कलाकार पोरांना दिले तर?

पाचपाखाडीकर: वडील वागळेला टर्नर होते, ३१ वर्षं एकाच गाळ्यात. एमआयडीसीची पहिली वसाहत ही, एमआयडीसीच मुळात १९६२ची. परवा त्यांना घेऊन गेलो तर कुलूप, शटरच्या फटीतून बघितलं, लेथ गेलंय पण फरशीवर तेलाचा काळा चौकोन तसाच. इकडे माझी भाची अ‍ॅनिमेशन करते, रोज अंधेरी गाठते, तिच्या बॅचचे निम्मे बंगलोरला गेले. स्पेनमधल्या बिल्बावने म्हणे जहाज-पोलादाचे कारखाने बसल्यावर म्युझियम बांधलं आणि शहर उठलं. असले गाळे या पोरांना स्वस्तात दिले तर? का माझं आपलं काहीतरीच?

कट्ट्यावरचा शहाणा: बिल्बावचं अर्धंच सांगतात सगळे. म्युझियम १९९७चं, मेट्रो त्याआधी १९९५ला सुरू झालेली. आपल्याकडे पुलाच्या खांबांवर वारली काढली की झाली कलानगरी 😀

घोडबंदर ग्रस्त: मी लाइटमन आहे. आणायचे कशाला, आलेच आहेत की, मराठी सिरियलींची कितीतरी शूटिंगं घोडबंदरला चालतात. कारण मोठी जागा मिळते आणि सुतार, पेंटर एका फोनवर हजर. काल एकाने वाड्याची दगडी भिंत उभी केली, प्लायवर पीओपी थापून, वर चहापत्तीच्या पाण्याचा हात, जवळ जाऊन ठोकल्याशिवाय कळणार नाही. पण तो पठ्ठ्या राहतो टिटवाळ्याला, इथे घर कुठलं परवडतंय, शिफ्ट लांबली आणि शेवटची लोकल गेली की सेटवरच्याच पलंगावर झोपतो. त्याच्या घराचं कोण बोलणार?

नेरूळची कुंभारीण: आम्ही पाच जणींनी टीटीसीत, म्हणजे नवी मुंबईच्या एमआयडीसीत, गाळा घेतलेला. थ्री फेज विजेचं कनेक्शन तयार होतं, म्हणून भट्टी लगेच लागली. कॉइल जळली तेव्हा शेजारच्या पावडर कोटिंगवाल्या काकांनी बसवून दिली, पैसे घेतले नाहीत, हे मॉलमध्ये होईल का? पण करार ११ महिन्यांचा, नंतर मालकाने भाडं असं वाढवलं की भट्टीच विकावी लागली. स्वस्त नको हो, टिकणारं द्या.

पाचपाखाडीकर: बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, बाजूच्या गाळ्याचा मालक ओळखीचा आहे, पाच वर्षांचा करार करतोस का विचारतो. ताई, भट्टीला जागा किती लागते?