‘बुशव्हॅकर’ला मराठीत काय लिहावं?

आरमोरीकर: वाचनालयाच्या अंकासाठी अमेरिकी यादवी युद्धावरचा लेख मराठीत करून राहिलो. त्यात ‘बुशव्हॅकर’ वारंवार येते. कोशात ‘झुडपं तोडणारा’ दिलं आहे, ते बसत नाही. ‘गनिमी सैनिक’ चालेल का? शब्द आला कुठून?

वैनगंगाकाठ: सैनिक नको भाऊ. हे मिसुरी राज्यातले दक्षिणेच्या बाजूचे टोळीवाले, बहुतेक फौजेच्या पटावर नव्हतेच. उत्तरेच्या सेनापतीनं मार्च १८६२ मध्येच जाहीर केलं होतं की असे लोक सापडले तर त्यांना युद्धकैदी धरणार नाही.

‘बुश’ म्हणजे झाडोरा, ‘व्हॅक’ म्हणजे दणका हाणणं. झुडपं झोडपत वाट काढणारा, असा मूळ अर्थ. डच भाषेत रानराख्याला ‘बॉसवाख्टर’ म्हणत, त्यावरून घडला असावा असंही मानतात. वॉशिंग्टन अर्व्हिंगच्या १८०९ च्या लिखाणात हा शब्द आहे, पण तिथं तो नुसता रानवटी माणूस. दबा धरून मारणारा हा अर्थ १८६१ ते ६५ च्या युद्धात पक्का झाला.

२१ ऑगस्ट १८६३ ला क्वांट्रिल या बुशव्हॅकर म्होरक्याच्या टोळीनं शेजारच्या कॅन्ससमधलं लॉरेन्स गाव जाळलं, दीडशेच्या आसपास पुरुष आणि पोरं मारली. चारच दिवसांनी उत्तरेच्या फौजेचा ‘आदेश क्रमांक ११’ निघाला आणि मिसुरीच्या सीमेवरची खेडी रिकामी केली गेली. भाकर, घोडा, खबर हे सगळं टोळ्यांना तिथूनच मिळे. ते तोडायचं होतं.

झाडीपट्टी: ‘गनिमी’ही टाळा जी. गनिमी कावा ही लढायची रीत. ती शिवाजी महाराजांची, १८५८ मध्ये चांद्याकडे बाबुराव शेडमाकेंचीही. तोच शब्द लॉरेन्स जाळणाऱ्यांना लावला तर वाचक आधीच त्यांच्या बाजूनं झुकते. पहिल्यांदा ‘बुशव्हॅकर, म्हणजे रानात दबा धरून लढणारे दक्षिणेचे टोळीवाले’ लिहा, पुढं नुसतं बुशव्हॅकर. ‘झुडपी लढवय्ये’ तर नकोच, आपल्याकडं झुडपी जंगल म्हटलं की लोकांना सातबाराच आठवते! ‘जेहॉकर’ आले तर ते कॅन्ससचे, उत्तरेच्या बाजूचे. इथं हमखास गल्लत होते.

आरमोरीकर: लेखाच्या शेवटी आजचे गिर्यारोहक ‘बुशव्हॅक’ करत वर गेले, असं आहे. ते?

वैनगंगाकाठ: वाक्यातलं कर्म पाहा. ‘अमक्याला बुशव्हॅक केलं’ असेल तर दबा धरून हल्ला. कर्म नसेल तर पायवाट सोडून झाडोऱ्यातून चालणं. तुमच्या कोशातला अर्थही खोटा नाही, न्यूझीलंडात जंगल साफ करणाऱ्या कुऱ्हाडवाल्याला बुशव्हॅकरच म्हणत.