पार्किंगमधलं पिवळ्या फुलांचं तण, डँडेलियन आहे का हे?

राजमहालरोडकर:
नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीत पेव्हर ब्लॉकच्या फटीतून हे उगवलंय, बघता बघता गुडघ्याच्या वर गेलं. खोड पोकळ, तोडलं की पांढरा चीक, फुलं पिवळी आणि मग त्यांचा कापूस होऊन उडतो. मोबाईलचं ॲप म्हणतं डँडेलियन, आमचे हे म्हणतात भोंपाथरी, आणि भाजीवाल्या मासी म्हणाल्या "आ तो घास छे" 😄 माळी उपटायच्या तयारीत आहे, त्याआधी कोणी नाव सांगेल का? फोटो टाकलेत.

पानवेडा:
ताई डँडेलियन नाही हो. त्याची सगळी पानं जमिनीलगत असतात आणि दांड्याला ना पान ना फांदी, टोकाला एकच फूल. तुमच्याकडे खोडावर पानं आहेत आणि वर फुलांचा घोस आहे. शिवाय ते थंड हवेतलं, हिमालयात भरपूर, बडोद्याच्या उन्हात कुठलं तग धरायला. ही ॲपं पिवळं फूल आणि कापूस दिसला की डँडेलियन ठोकून देतात. मला हे सोंकस वाटतंय, म्हातारा म्हणतात ते. पान खोडाला जोडलंय तिथे नीट बघा, कानाच्या पाळीसारखा भाग खोडाला वेढून असेल. पाळी टोकदार असेल तर सोंकस ओलेरेशियस, गोल वळलेली असेल आणि पानाच्या कडा टोचत असतील तर सोंकस ॲस्पर.

माहेर_परभणी:
पाथरी ओळखते मी, आमच्याकडे भाकरीबरोबर कच्ची खायचे, जरा कडसर लागते. ती अशी उंच होत नाही, जमिनीवर पसरते, तिचे धुमारे टेकतील तिथे नवं रोप धरतं आणि पानाच्या कडेला बारीक पांढरे दाते असतात. फूल मात्र डिट्टो असंच, त्यामुळे तुमच्या ह्यांचं अगदीच चुकलं असं नाही, एकाच कुळातली ना दोघं.

राजमहालरोडकर:
आत्ता खाली जाऊन बघून आले, पाळ्या टोकदार आहेत, पानं मऊ, टोचत नाहीत. पण फुलं सगळी मिटलेली, सकाळी तर उघडी होती?

पानवेडा:
मग ओलेरेशियसच. ऊन चढलं की फुलं मिटतात, म्हणून फोटो सकाळी काढायचे. उद्या एक फूल सोडवून बघा, मजा आहे, आपण जिला पाकळी म्हणतो ती प्रत्येक एक अख्खं फूल असते, टोकाला पाच दाते दिसतील. सूर्यफुलाला मधे चकती असते ती इथे नाहीच. आणखी खात्री हवी तर एक फांदी पेपरात दाबून वाळवा आणि युनिव्हर्सिटीच्या बॉटनीवाल्यांना दाखवा, तिथे हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे.

माहेर_परभणी:
कोवळ्या पानांची भाजी याचीही करतात पण पार्किंगमधलं नका खाऊ बाई, तणनाशक मारलेलं असतं, कुत्री फिरतात. आणि माळ्याला सांगा कापूस सुटायच्या आत उपट, नाहीतर पुढच्या थंडीत अख्ख्या सोसायटीत हेच.